एकट्याचा सागरप्रवास आणि अनेकांचे हात : ‘सुहैली’पासून ‘म्हादेई’पर्यंत

प्रस्तावना

मराठीतील सागरी इतिहासलेखन हे प्रामुख्याने आरमाराचे लेखन आहे. शिवकालीन जलदुर्ग, कान्होजी आंग्रे यांची कारकीर्द, गुराबा व गलबते यांनी दिलेल्या झुंजी या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने युद्धाचा वा व्यापाराचा हेतू नसताना शिडाची लहान नौका घेऊन एकट्या माणसाने केलेल्या प्रवासाचा विचार इतिहासाच्या अंगाने फारसा झालेला दिसत नाही. असा प्रवास साहसाच्या सदरात मोडतो आणि साहसकथा वृत्तपत्रांवर सोपवून अभ्यासक मोकळे होतात.

भारतीय नौदलातील कमांडर दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी मुंबईस परत आले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय होत. या घटनेचे वर्णन एका व्यक्तीच्या धैर्याची कथा म्हणून केले जाते आणि ते अयोग्य नाही. परंतु ते अपुरे आहे. नौका चालविताना तो माणूस एकटा असतो. मात्र ती नौका ज्यांनी घडविली, त्यांचे कौशल्य प्रत्येक क्षणी त्याच्यासोबत असते. ‘एकट्याने’ हा शब्द सुकाणूपुरता खरा आहे, नौकेच्या सांध्यांपर्यंत तो पोहोचत नाही. प्रस्तुत निबंधात ‘सुहैली’ आणि ‘म्हादेई’ या भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर बांधल्या गेलेल्या दोन नौकांच्या आधारे या विधानाची तपासणी केली आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गोंदियासारख्या तलावांच्या जिल्ह्यातील अभ्यासकांना या प्रश्नाशी काय कर्तव्य, याचाही विचार शेवटी केला आहे.

किनाऱ्यालगतचे शीड : वारा, हंगाम आणि मनुष्यबळ

कोकण किनाऱ्यावरील शिडाच्या वाहतुकीचे वेळापत्रक वाऱ्याने ठरविलेले होते. जून महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की समुद्र खवळतो, बंदरे ओस पडतात आणि होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. श्रावणातील नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण करून नवा हंगाम सुरू होतो. तेव्हापासून पुढच्या वैशाख-ज्येष्ठापर्यंतचा काळ हा शिडाचा काळ होय.

या हंगामातही वारा दिवसभर सारखा नसतो. दुपारी जमीन तापते आणि समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहू लागतात. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. पहाटेच्या मतलईवर नौका खाडीबाहेर काढायची आणि दुपारच्या वाऱ्यावर पुढचे बंदर गाठायचे, हा किनारी प्रवासाचा साधा नियम होता. हिवाळ्यात दुपारचा वारा वायव्येकडून येत असल्याने दक्षिणेकडे जाणे सोपे असे. उत्तरेकडे येताना मात्र वाऱ्याला आडवे-तिडवे कापत यावे लागे किंवा मतलईची वाट पाहावी लागे. हे ज्ञान ग्रंथांत लिहिलेले नव्हते. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी या समाजांत ते पिढ्यान्पिढ्या कामातूनच शिकले जात असे.

येथे एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे. पश्चिम किनाऱ्यावरील गलबतांचे शीड मोठे व तिरके असे आणि ते एका लांब आडव्या लाकडाला बांधलेले असे. वाऱ्याची बाजू बदलली की ते लाकूड शिडासकट डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस न्यावे लागे. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. नाखवा, तांडेल आणि खलाशी अशी माणसांची उतरंड त्या शिडाच्या गरजेतूनच उभी राहिली होती. या किनाऱ्यावर एकट्याने दूरचा प्रवास करण्याची प्रथा का रुजली नाही, याचे एक उत्तर धैर्याच्या अभावात शोधण्याऐवजी शिडाच्या रचनेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. मालवाहू गलबतावर अनेक हात हवेच होते आणि हात उपलब्धही होते.

एकट्याच्या प्रवासाची खरी अडचण

शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला ज्ञात माणूस म्हणजे जोशुआ स्लोकम. २४ एप्रिल १८९५ रोजी बोस्टनहून निघालेला हा अमेरिकी कप्तान २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला परतला. त्याची ‘स्प्रे’ ही सुमारे ३७ फुटांची नौका मूळची कालवे धरण्याची जुनी, मोडकळीस आलेली होडी होती. स्लोकमने तेरा महिने खपून, ५५३ डॉलर ६२ सेंट खर्च करून ती स्वतःच्या हातांनी जवळजवळ नव्याने बांधली. एकट्याच्या सागरप्रवासाच्या आरंभीच नाविक आणि नौका बांधणारा कारागीर हे एकाच देहात वास करीत होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

एकट्या नाविकाची मुख्य अडचण वादळ ही नसून झोप ही आहे. नौकेला चोवीस तास दिशा द्यावी लागते आणि माणूस चोवीस तास जागा राहू शकत नाही. ‘स्प्रे’चा मोठा गुण असा की सुकाणू बांधून ठेवले तरी ती दीर्घ काळ आपली दिशा सोडत नसे. पुढे वाऱ्याच्या दिशेनुसार सुकाणू आपोआप वळविणारी वातपंखाची यंत्रणा आणि त्यानंतर विजेवर चालणारी स्वयंचलित यंत्रणा आली. कप्तान निजलेला असताना नौका मार्गावर राहणे हे तिचा तळ, तिची डोलकाठी आणि तिची शिडे यांच्या परस्पर तोलावर अवलंबून असते. हा तोल बांधणीच्या वेळीच साधावा लागतो.

खोल समुद्रापेक्षा किनाऱ्यालगतचा प्रवास सोपा, असा सामान्य समज आहे. एकट्या नाविकाच्या बाबतीत तो खरा नाही. महासागरात मैलोन्मैल आडवे येणारे काही नसते, त्यामुळे थोड्याथोड्या वेळाची झोप घेता येते. किनाऱ्याजवळ खडक, वाळूचे दांडे, मालवाहू जहाजे आणि मासेमारीच्या नौका असतात. उत्तर कोकणात समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधलेली डोल जाळीही असतात. तेथे डोळा लागणे धोक्याचे ठरते. समुद्रातील टक्कर टाळण्यासंबंधीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक नौकेवर सतत पहारा ठेवणे बंधनकारक आहे. एकट्या नाविकाला हा नियम काटेकोरपणे पाळणे शक्य नसते. म्हणूनच लांबच्या सफरीत त्याच्या कसोटीचे प्रसंग पुष्कळदा पहिल्या आणि अखेरच्या काही दिवसांत, म्हणजे किनारा जवळ असतानाच येतात.

‘सुहैली’ : मुंबईच्या सुतारांची नौका

न थांबता, कोणत्याही बंदरात न शिरता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा पहिला मान रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज नाविकाकडे जातो. १४ जून १९६८ रोजी फाल्मथहून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी तो तेथेच परतला. ‘गोल्डन ग्लोब’ नावाच्या त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. त्यांपैकी तो एकटाच शर्यत पूर्ण करू शकला.

त्याची ३२ फुटांची ‘सुहैली’ ही नौका मुंबईत कुलाबा येथे सागवानी लाकडात बांधली गेली होती, हे इंग्लंडच्या सागरी इतिहासात नमूद असले तरी मुंबईच्या इतिहासात क्वचितच आढळते. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. आराखडा परदेशी होता, पण लाकूड व कारागीर येथील होते. डिसेंबर १९६४ मध्ये नौका पाण्यात उतरली आणि पुढच्या वर्षी ती मुंबईहून इंग्लंडकडे निघाली.

हे कौशल्य आकस्मिक नव्हते. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजांची मोठी परंपरा उभी राहिली. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत्या अवस्थेत जतन केलेले आहे. सागवानातील नैसर्गिक तेलामुळे ते पाण्यात सहजासहजी कुजत नाही आणि त्यातील लोखंडी खिळेही लवकर गंजत नाहीत. युरोपातील ओक लाकडाच्या तुलनेत हा फार मोठा फायदा होता. वाडियांची नावे इतिहासात राहिली आणि ते उचितच झाले. त्यांच्या हाताखाली तासणी धरणाऱ्या, फळ्यांच्या फटींत सूत ठोकून त्या जलरोधक करणाऱ्या शेकडो कारागिरांची नावे मात्र त्या प्रमाणात राहिली नाहीत.

या अनामिक कौशल्याचे मोल अटलांटिक महासागरात कळून आले. शर्यतीच्या सुरुवातीच्या काळातच ‘सुहैली’च्या तळाजवळील सांध्यातून पाणी आत येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टनने नौका उभी केली, पाण्यात बुड्या मारून सांध्यात सूत भरले, त्यावर कॅनव्हासची पट्टी व तांब्याचा पत्रा ठोकला आणि गळती आटोक्यात आणली. पुढे पिण्याच्या पाण्याच्या टाक्या दूषित झाल्या, रेडिओ बंद पडला, वाऱ्यावर चालणारी सुकाणूयंत्रणा ऑस्ट्रेलियाजवळ मोडली. यंत्रणा मोडल्यावर शिडांचा तोल साधून नौकेला आपणहून चालू देणे एवढाच मार्ग उरला आणि नौका तशी चालली. लाकडी नौकेची दुरुस्ती ज्या साध्या हत्यारांनी तिची बांधणी झाली त्याच हत्यारांनी करता येते. त्या अर्थाने कुलाब्याचा सुतार दक्षिण समुद्रातही कप्तानाच्या हातात काम करीत होता, असे म्हणता येईल.

‘म्हादेई’ : दिवाडी बेटावरील बांधणी

भारतीय नाविकाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धातील कामगिरीबद्दल वीरचक्राने सन्मानित झालेल्या या मराठी दर्यासारंगाचा आग्रह दुहेरी होता : नाविक भारतीय असावा आणि नौकाही भारतातच बांधलेली असावी. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची होती. तयार नौका परदेशातून विकत घेणे सोपे व कदाचित शीघ्र झाले असते. मग त्या प्रवासाचा लाभ एका माणसापुरताच राहिला असता.

२००६ मध्ये दिलीप दोंदे यांनी या मोहिमेसाठी स्वतःहून नाव दिले. त्याच वर्षी अनुभव घेण्यासाठी ते इंग्लंडमध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे गेले. मुंबईत बांधलेल्या नौकेने घडविलेला अनुभव चार दशकांनी अशा रीतीने भारतीय नाविकाकडे परत आला.

नौकेचा आराखडा नेदरलँड्समधील व्हॅन दे स्टाट या संस्थेचा आणि बांधणी गोव्यातील दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस या कारखान्याची होती. ५६ फूट लांबीची, महासागरात एकट्याने चालविण्याजोगी शिडाची नौका या कारखान्याने त्यापूर्वी बांधलेली नव्हती. लाकडी पट्ट्यांचे शरीर आणि त्यावर इपॉक्सी व काचतंतूंचे आवरण अशी तिची रचना आहे. बांधणीच्या काळात दोंदे या कामात प्रत्यक्ष गुंतलेले होते. त्यामुळे नौकेचा प्रत्येक सांधा, प्रत्येक दोर व प्रत्येक जोडणी त्यांच्या परिचयाची झाली. स्लोकमने जे स्वतःच्या हातांनी साधले, ते येथे नाविक आणि बांधणारे यांच्या सहवासातून साधले गेले. मांडवी नदीचे लोकप्रचलित नाव म्हादई. दिवाडी बेट याच नदीत वसलेले असल्याने नौकेला ‘म्हादेई’ हे नाव मिळाले. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. मुख्य मोहिमेपूर्वी दोंदे सहकाऱ्यांसह मॉरिशसला गेले आणि परतीचा प्रवास त्यांनी एकट्याने केला.

‘सागर परिक्रमा’ या मोहिमेचा मार्ग मुंबई, ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅनली, दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन आणि पुन्हा मुंबई असा होता. ल्यूविन, हॉर्न आणि केप ऑफ गुड होप या तिन्ही भूशिरांना दक्षिणेकडून वळसा घालणे आवश्यक होते. हॉर्न भूशिराजवळून दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यातच जाणे सुरक्षित असल्याने मुंबई ऑगस्टमध्ये सोडावी लागली. २००९ मध्ये नारळी पौर्णिमा ५ ऑगस्टला होती. त्यानंतर दोन आठवड्यांनी ‘म्हादेई’ निघाली आणि पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी परतली. दक्षिण महासागराचे गणित आणि कोकणातील नाखव्यांचा हंगाम येथे जुळून आला. दोंदे यांना पुढे शौर्यचक्र प्रदान करण्यात आले.

२०१० नंतरची वाटचाल

एका नौकेच्या बांधणीतून किती गोष्टी निष्पन्न होतात, हे पुढील काळात स्पष्ट झाले. दोंदे यांच्या मोहिमेत किनाऱ्यावरून साहाय्य करणारे अभिलाष टॉमी हे नौदल अधिकारी १ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याच ‘म्हादेई’तून निघाले आणि कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईस परतले. एकट्याने, विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. ‘म्हादेई’ची भगिनी नौका ‘तारिणी’ गोव्यातच बांधली गेली आणि २०१७ मध्ये नौदलात आली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालील सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात तिच्यातून प्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये दिलना के. व रूपा ए. या दोघींनीच हा प्रवास पूर्ण केला.

या साखळीतील एक दुवा विशेष बोलका आहे. जुन्या शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी, २०१८ मध्ये, त्या काळच्याच साधनांनिशी ‘गोल्डन ग्लोब’ पुन्हा घेण्यात आली. टॉमी त्यात ज्या ‘थुरिया’ नौकेतून उतरले, ती ‘सुहैली’ची प्रतिकृती होती आणि तिची बांधणी दांडेकर यांच्या गोव्यातील कारखान्यात झाली होती. कुलाब्यात १९६४ मध्ये साकारलेला आकार अर्ध्या शतकानंतर दिवाडीच्या परिसरात पुन्हा साकारला. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरातील वादळात ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. नौका तेथेच सोडून द्यावी लागली. कारागिराचे कौशल्य सर्व संकटांवर मात करतेच असे नाही, हेही या घटनेने दाखविले. टॉमी पुन्हा सागरावर गेले आणि २०२३ मध्ये संपलेल्या पुढच्या शर्यतीत दुसरे आले.

नोंदीच्या बाबतीत मात्र स्वागतार्ह बदल दिसतो. अजिंठ्याच्या चित्रावरून प्रेरणा घेऊन गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे सुंभाने शिवलेले शिडाचे जहाज मे २०२५ मध्ये नौदलात सामील झाले. ते शिवणाऱ्या केरळच्या कारागिरांचे प्रमुख बाबू शंकरन यांचे नाव जहाजाच्या अधिकृत वृत्तांतच घेतले गेले. ‘सुहैली’च्या सुतारांचा उल्लेख लोकप्रिय वृत्तान्तांत केवळ समूहवाचक राहिला, हे ध्यानात घेता साठ वर्षांतील हा फरक लहान नाही.

तलावांच्या प्रदेशातून पाहताना

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १९९९ मध्ये अस्तित्वात आलेल्या गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी आहे. नवेगाव बांध, बोदलकसा, चूलबंद, इटियाडोह ही नावे येथील प्रत्येकास परिचित आहेत. येथील मालगुजारी तलाव बांधण्याचे श्रेय कोहळी समाजाकडे जाते आणि नवेगावच्या तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव परंपरेने जोडलेले आहे. या तलावांवर आणि वैनगंगेच्या पात्रात ढिवर समाजाचा मच्छीमार पहाटे आपला डोंगा एकट्याने पाण्यात लोटतो. त्या डोंग्याला शीड नसते, त्याचा प्रवासही काही फर्लांगांचा असतो. तरीही वारा पाहून बाजू निवडणे, पाण्याखालची झाडाची खोडे लक्षात ठेवणे आणि एकट्याच्या वजनाने नाव तोलणे ही कौशल्ये कोकणातील नाखव्याच्या कौशल्यांशी नाते सांगणारी आहेत.

दोन्ही ठिकाणी इतिहासाची अडचणही एकच आहे. तलावाचा बांध कोणी घातला याची निदान परंपरा सांगते. डोंगा कोणी कोरला, कोणत्या झाडाचा कोरला, त्याचा आकार कोणत्या मापाने ठरविला, गळू लागल्यावर तो कशाने बुजविला, याची नोंद होत नाही. लाकडी डोंग्यांची जागा पत्र्याच्या व फायबरच्या नावा घेऊ लागल्या की हे ज्ञान सांगणारी माणसे हळूहळू नाहीशी होतात. मुंबईच्या सुतारांच्या बाबतीत जे घडले, ते येथे घडू द्यायचे की नाही, हा प्रश्न येथील महाविद्यालयांच्या इतिहास व समाजशास्त्र विभागांपुढे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी वृद्ध कारागिरांच्या मुलाखती घेऊन नावा, मापे, लाकडांच्या जाती आणि अवजारांची स्थानिक नावे यांची नोंद केली, तर तो अल्प खर्चाचा आणि दीर्घ मोलाचा प्रकल्प ठरेल. ज्या विद्यार्थ्यांच्या घरात हे काम आजही चालते, त्यांना तर तो आपल्याच घराचा इतिहास वाटेल.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब अशी की, पश्चिम किनाऱ्यावर एकट्याच्या प्रवासाची परंपरा निर्माण न होण्यामागे शिडाची रचना आणि व्यापाराची गरज ही भौतिक कारणे होती, त्यावरून येथील समाजाच्या साहसवृत्तीविषयी निष्कर्ष काढणे उचित नाही. दुसरी बाब, एकट्याच्या विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणेच्या जागतिक इतिहासात भारताचा सहभाग २००९ मध्ये सुरू झाला नाही. मुंबईच्या कारागिरांच्या द्वारे तो १९६० च्या दशकातच सुरू झालेला होता. तिसरी बाब, ‘म्हादेई’ येथेच बांधण्याच्या आग्रहामुळे एका प्रवासातून अनेक नौका, अनेक नाविक आणि एक जिवंत कारखाना उभा राहिला.

एकट्या नाविकाच्या धैर्याचे मोल यामुळे कमी होत नाही. मध्यरात्री उसळत्या लाटांत सुकाणूजवळ तो एकटाच असतो आणि त्या एकटेपणात कोणीही वाटेकरी होऊ शकत नाही. परंतु ज्या फळीवर तो उभा असतो, ती कोणीतरी तासलेली असते. इतिहासाच्या पानावर नाविकाच्या नावाशेजारी त्या हातांचेही नाव लिहिले गेले, तर ती नोंद अधिक सत्य ठरेल.